न पचलेलं

आठवीला आज घुबडाचं उष्टं.
मिसेस पेग, आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस,
भावाच्या कोठाराच्या आढ्याखालून वेचतात
आणि सँडविचच्या डब्यात घालून आणतात.
आठवडाभर फ्रीजरमध्ये, वाटाण्यांशेजारी.
डब्यावर चिठ्ठी: खाऊ नये.

करडे, अंगठ्याएवढे गोळे.
घुबड उंदीर सबंध गिळतं,
पचेल तेवढं ठेवून घेतं,
केस आणि हाडं परत करतं
नीट गुंडाळून,
परटाकडच्या कपड्यांसारखी.

'शी' म्हणायला मी एक मिनिट दिलं. घड्याळ लावून.
पाठाच्या टाचणात हे लिहायला रकाना नाही,
पण ते मिनिट दिलं नाही
तर उरलेली एकोणपन्नास वाया जातात.

मग चिमटे, काळा कागद, बशीत कोमट पाणी.
टॅमसिनला कवटी सापडली. चिचुंद्रीची.
खसखशीएवढे दात, टोकं तांबडी.
'मिस, हिनं लिपस्टिक लावलंय!'
लोह आहे ते, म्हटलं, दात झिजू नयेत म्हणून.
तिनं वहीत दोन्ही लिहिलं.
दर तासाला बाहेर जायची परवानगी मागणारा जेथ्रो
आज मागायची विसरला.

मिरजेला घुबड घरावर बसलं
की आई पत्र्यावर काठी आपटायची,
रात्री त्याचं नावसुद्धा घेऊ द्यायची नाही.
हे सांगितलं, तर वर्गाला ते नावच हवं झालं.
एकतीस तोंडांनी म्हटलं: गुबाद. गूबर. गुब्बड.
बाहेर किंग्ज लिनची फिकट दुपार,
नदीला ओहोटी लागलेली.
कुणाचं काही वाईट झालं नाही.

डोमान्टास शेवटच्या बाकावर.
आईबाप गाजरांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
वर्षभरात माझ्याशी सात वाक्यं बोललाय,
त्यातली चार 'माहीत नाही'.
त्याच्या गोळ्यात उंदीर नव्हताच.
पोकळ हाडं, चोचीचा तुकडा,
आणि एक पाय,
पायात ॲल्युमिनियमची कडी.

भिंग दिलं त्याला.
त्यानं आधी कडी बाहीला पुसली.
बघितली. परत पुसली.
आकडे दिसले, मग अक्षरं.
'कॉनास?' मी वाकून वाचलं.
'कौनस,' त्यानं मला सुधारलं,
'आमच्या घरापासून दोन बस.'

मी टाचण मिटलं.
अन्नसाखळी फळ्यावर अर्धीच राहिली,
बाण उंदरापर्यंत येऊन थांबलेला.

कडीवरचा नंबर आम्ही कळवला.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं:
आपल्या भोरडीच्या युरोपी भाऊबंदांपैकी एक,
मे महिन्यात, घरट्यातलं पिल्लू असताना,
समुद्रकाठच्या एका खेड्यात कडी घातलेली.
वर्गानं नकाशावर पट्टी ठेवली.
साडेतेराशे किलोमीटर,
पक्षी वळणं घेत नाहीत असं धरलं तर.
वजन पंचाहत्तर ग्रॅम:
तराजूवर हात धुवायचा साबण ठेवून बघितला,
साबणच जड निघाला.

'म्हणजे एवढ्या लांब येऊन मेला?' जेथ्रो म्हणाला,
नेहमीपेक्षा हळू.
यावर काय बोलावं ते मला सुचेना,
बीएडला शिकवलं नव्हतं.

'तिथं जमीन गोठते,' डोमान्टास म्हणाला.
'किडे मिळत नाहीत.'
'आणि इथं?'
त्यानं विचार केला.
'इथं गुबाद आहे.'

आधी टॅमसिन हसली, मग सगळा वर्ग,
मग उशिरानं तो.

पाठाचं उद्दिष्ट साध्य झालं का, असा रकाना असतो.
शुक्रवारपर्यंत भरायचा आहे.
कडी त्याच्याकडेच आहे, कंपासपेटीत, खोडरबराखाली.
आणि मिसेस पेग त्या दिवसापासून
एक चिमटा शोधताहेत.